'घासले गेले' ते 'घासा': कुत्र्याच्या टूथब्रशचा माग

जनावरांच्या दवाखान्यात लसीकरणाच्या तक्त्याशेजारी हल्ली आणखी एक पोस्टर दिसतं: 'तुमच्या कुत्र्याचे दात रोज घासा.' वाक्य इतकं साधं आहे की त्याला काही इतिहास असेल असं वाटतही नाही. घरातल्या आजीला विचारलंत तर ती म्हणेल, "कुत्र्याला कसला ब्रश? हाड टाका समोर." गंमत म्हणजे पोस्टर आणि आजी, दोघांच्याही म्हणण्याची प्रयोगशाळेत परीक्षा झालेली आहे. त्या परीक्षांची गोष्ट आज सांगायची आहे.

पेट पास झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, पण विषय काही सुचत नाही असं सांगणारे बरेच जण भेटतात. (पेट म्हणजे इथे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, पाळीव प्राणी नव्हे.) अशांना मी एक सराव सुचवते. रोजच्या वापरातला एखादा सल्ला घ्यायचा आणि तो पहिल्यांदा कुणी, कुणासाठी, कुठल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून दिला ते शोधत मागे जायचं. सल्ला जितका निरुपद्रवी दिसतो तितका माग काढायला मजा येते. कुत्र्याच्या दातांचा सल्ला या सरावासाठी फार चांगला आहे, कारण त्याचा माग काढत गेलं की आपण कुत्र्यांच्या दवाखान्यात पोचत नाही, माणसांच्या दंतवैद्यक कॉलेजात पोचतो.

आधी कुत्र्याच्या तोंडाबद्दल थोडं. मोठ्या कुत्र्याला ४२ दात असतात. त्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. त्यामुळे आपल्याकडे सर्रास दिसणारी दातांची कीड कुत्र्यात फार कमी आढळते, पण दातावरचा थर कडक होऊन कीटण मात्र लवकर धरतं. म्हणजे कुत्र्याचा खरा प्रश्न दाताचा कमी आणि हिरडीचा जास्त. जंतूंचा मऊ थर, ज्याला दंतवैद्य प्लाक म्हणतात, हिरडीच्या कडेला साचतो. हिरडी लाल होते, सुजते. पुढे काही जनावरांत दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलायला लागतो. ब्रशने निघतो तो मऊ थर. एकदा कीटण झालं की ब्रश कितीही घासा, ते निघत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता इतिहास. पशुवैद्यकात दातांचं काम बराच काळ घोड्याचं काम होतं. घोड्याचं वय दातांवरून ठरायचं, किंमत वयावरून ठरायची आणि दाढांच्या धारदार कडा कानशीने घासून बोथट करायला माणूस लागायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोच्या लुई मेरिलॅट यांनी प्राण्यांच्या दातांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यातही मुख्य पात्र घोडाच. लष्कर, टपाल, मालवाहतूक सगळं घोड्यावर चालत होतं, तेव्हा हे साहजिक होतं. कुत्र्याचा दात पडला तर कुणाचं नुकसान होणार?

कुत्र्याच्या दातांत पैसा आहे हे बिस्किटवाल्यांच्या लक्षात लवकर आलं. जेम्स स्प्रॅट या अमेरिकन माणसाने १८६०च्या दशकात लंडनमध्ये कुत्र्यांची बिस्किटं विकायला सुरुवात केली. १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये हाडाच्या आकाराचं मिल्क-बोन आलं. पुढे 'कडक बिस्कीट चावलं की दात साफ' हा अशा मालाच्या जाहिरातींतला ठरलेला मुद्दा झाला. आजीचं हाड आणि कंपनीचं बिस्कीट यांच्यामागचा तर्क एकच आहे: कडक खाणं हाच ब्रश. या तर्काला हसू नका, त्याचा काही भाग खरा निघाला.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये एक वेगळी गोष्ट सुरू झाली होती. मे मेलनबी यांनी १९१८ साली 'लॅन्सेट'मध्ये कुत्र्याच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. पिल्लांचा आहार बदलायचा आणि त्यांचे दात कसे घडतात ते पाहायचं. त्यांचे पती एडवर्ड मेलनबी पिल्लांवरच मुडदूस अभ्यासत होते आणि त्या कामाचा धागा पुढे ड जीवनसत्त्वापर्यंत गेला. मे मेलनबींना काळजी होती ती माणसांच्या मुलांच्या दातांची. पिल्लं हे त्या प्रश्नाकडे जायचं साधन होतं. आपल्या गोष्टीत कुत्रा पुढेही बराच वेळ याच भूमिकेत राहणार आहे.

आता १९६५ सालात या. डेन्मार्कमधल्या ऑर्हस इथे हाराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या १२ माणसांना विनंती केली: दात घासणं बंद करा. यातले बरेचसे दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. (गाईड म्हणेल ते करणारे विद्यार्थी सगळ्या जगात सापडतात.) १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. मग पुन्हा ब्रश सुरू केला आणि साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. डिझाईन म्हणून हा पेपर प्रत्येकाने एकदा वाचावा असा आहे. प्रत्येक माणूस स्वतःचाच कंट्रोल. ब्रश काढून घेतला की आजार येतो, परत दिला की जातो. पानं थोडी, दावा स्वच्छ.

पण या प्रयोगाला एक भिंत होती. हिरडी सुजणं हा परत फिरणारा त्रास आहे. ती सूज वर्षानुवर्षं राहिली तर हाड झिजतं का, दात जातात का, हा त्यापुढचा आणि जास्त महत्त्वाचा प्रश्न. त्याचं उत्तर हवं तर कुणाला तरी काही वर्षं दात न घासता ठेवायला लागेल, आणि हाड झिजलं तर ते काही परत येत नाही. विद्यार्थ्यांना हे सांगता येणार नव्हतं. बीगलवर करता येणार होतं.

बीगलच का? मध्यम आकार, आखूड केस, कळपात राहायची सवय आणि माणसाने तोंडात बोटं घातली तरी सहन करणारा स्वभाव. शिवाय ही जात प्रयोगशाळांत आधीच स्थिरावलेली होती. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या पैशावर युटा आणि कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे किरणोत्साराचे परिणाम अभ्यासायला बीगलच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या होत्या. एकदा एका प्राण्यावर माहिती साचली की पुढचा संशोधक तोच प्राणी निवडतो, कारण तुलना करायला आकडे तयार असतात. तुमच्या विषयातलं 'मॉडेल' कसं ठरलं हे शोधलंत तर बऱ्याचदा असंच काहीतरी सापडेल: कधीतरी, वेगळ्याच कामासाठी, दुसऱ्या कुणाच्या तरी अनुदानातून.

१९६५ सालीच स्वीडनमध्ये यान एगेलबर्ग यांनी आजीचा तर्क तपासला, आजीला न कळवता. काही कुत्र्यांना कडक खाणं, काहींना मऊ. मऊ खाणाऱ्यांच्या दातांवर थर जास्त आणि हिरड्याही जास्त सुजलेल्या. आजी जिंकली, असं वाटतं ना? पण त्याच मालिकेत त्यांनी कुत्र्यांना नळीने थेट पोटात अन्न दिलं. दातांना घासाचा स्पर्शच नाही, तरीही थर साचला. म्हणजे हा थर 'दातात अडकलेलं अन्न' नव्हता. तो तोंडातल्या जंतूंनी स्वतः बांधलेला होता. कडक खाणं तो जिथे घासला जातो तिथून थोडा काढतं, इतकंच. हाड किंवा बिस्कीट दाताच्या टोकाशी घासतं आणि आजार सुरू होतो हिरडीच्या कडेला. १९६७ साली अमेरिकेतल्या सॅक्स आणि सहकाऱ्यांनी बीगलमधला थर, कीटण आणि हिरडीचा आजार यांचा संबंध मांडला. रस्ता तयार झाला होता.

मग आला तो अभ्यास, ज्याच्यासाठी हा सगळा लेख आहे. स्वीडनचे यान लिंडे, स्वेन-एरिक हाम्प आणि तेच हाराल्ड ल्यो. १९७३ साली पहिला पेपर, १९७५ साली चार वर्षांचा हिशोब. बीगलचे दोन गट. आधी सगळ्यांचे दात साफ करून, घासून हिरड्या निरोगी केल्या. मग एका गटाचं घासणं थांबवलं आणि दुसऱ्या गटाचं रोजचं घासणं चालू ठेवलं. न घासलेल्या गटात काही आठवड्यांत हिरड्या सुजल्या आणि पुढच्या वर्षांत त्यातल्या बहुतेकांचं हाड झिजलं. सगळ्यांचं नाही. काही कुत्र्यांत चार वर्षं सूज राहिली आणि हाड शाबूत राहिलं. घासलेल्या गटाच्या हिरड्या निरोगी राहिल्या.

इथे जरा थांबा आणि दुसऱ्या गटाकडे बघा. चार वर्षं कुणीतरी रोज त्या कुत्र्यांची तोंडं उघडून दात घासत होतं. कुत्र्यांवरच्या मायेपोटी हे घडत नव्हतं. प्रयोगाचा विषय तो दुसरा, सुजलेला गट होता. घासलेले कुत्रे कंट्रोल होते, म्हणजे तुलनेसाठी धरलेली शून्याची रेघ. पेपर वाचताना आपण कंट्रोल गटावरून नजर पटकन पुढे नेतो, कारण तिथे 'काही झालं नाही' असं लिहिलेलं असतं. पण आज पोस्टरवर जे वाक्य आहे त्याचा पुरावा याच गटात आहे. त्या गटाला काही झालं नाही, हाच शोध.

अशा पेपरांतल्या पद्धतीच्या भागाची भाषाही बघण्यासारखी असते. 'दात घासले गेले.' कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. कुणी घासले, किती वेळ लागला, कुत्र्याने किती दिवस डोकं फिरवलं, घासणाऱ्याला त्या कुत्र्यांची नावं माहीत होती का, यातलं काहीही त्या वाक्यात मावत नाही. विज्ञानलेखनात ही पद्धत रूढ आहे आणि तिचे फायदेही आहेत. पण इतिहास लिहिणाऱ्याने असा कर्मणी प्रयोग दिसला की तिथे पेन्सिलीने खूण करावी. तिथे एक माणूस आणि त्याची मजुरी दडलेली असते.

आणखी एक शब्द. १९७५च्या पेपरच्या शीर्षकात क्ष-किरण चित्रांबरोबर 'हिस्टोमेट्रिकल' असा शब्द आहे. म्हणजे ऊतींचे काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजमाप. जबड्याच्या हाडासकट असे काप घ्यायचे तर सहसा जनावर मारावं लागतं. पोस्टरवरच्या हसऱ्या कुत्र्यापर्यंत येणारा रस्ता इथून गेला आहे. हे वाचून लगेच न्यायाधीश व्हायची गरज नाही, पण पुरावा वापरायचा तर त्याची किंमतही वाचता आली पाहिजे. तुमच्या संशोधनाच्या नीतिमत्तेच्या प्रकरणात 'सर्व नियम पाळले' या ठराविक वाक्याखेरीज काही लिहायचं असेल तर सुरुवात इथून होते.

माणसांत हा प्रश्न कसा सोडवला, तेही सांगते. ल्यो यांच्या गटाने १९७० साली श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांची तपासणी सुरू केली आणि १५ वर्षं ती चालवली. या मजुरांना ब्रश वापरायची सवय नव्हती आणि दातांचे उपचारही मिळत नव्हते. कुणाचा ब्रश काढून घ्यावा लागला नाही, कारण तो नव्हताच. १९८६ साली निष्कर्ष आले: सुमारे ८ टक्के लोकांत झीज वेगाने, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, ११ टक्क्यांत जवळजवळ नाहीच. काही बीगलांचं हाड शाबूत राहिलं होतं, त्याच्याशी हा शेवटचा आकडा जुळवून बघा. सूज सगळ्यांना येते, हाड सगळ्यांचं जात नाही. शास्त्र म्हणून हा अभ्यास फार मोलाचा मानला जातो. आणि तरीही तो वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. न घासणारा गट पहिल्यांदा विद्यार्थ्यांचा होता, तीन आठवड्यांचा. नंतर कुत्र्यांचा, चार वर्षांचा. नंतर मजुरांचा, पंधरा वर्षांचा.

आता हे ज्ञान कुत्र्यांच्या दवाखान्यात कसं आलं ते बघू. अमेरिकेत १९७६ साली पशुदंतवैद्यकाची संस्था स्थापन झाली, १९८८ साली या विषयाचं स्वतंत्र विशेषज्ञ-महाविद्यालय उभं राहिलं. या नव्या मंडळींना कुत्र्यांच्या हिरड्यांवरचं वाङ्मय शून्यातून लिहावं लागलं नाही. माणसांच्या दंतवैद्यकाच्या नियतकालिकांत ते तयार होतं, फक्त उलट्या बाजूने वाचायचं होतं. जे 'मॉडेल' होतं ते आता पेशंट झालं. माझ्या मते ही संपूर्ण गोष्टीतली सर्वांत सुंदर उलथापालथ आहे: माणसासाठी केलेलं कुत्र्यावरचं संशोधन कुत्र्याकडे परत आलं.

तंत्रही तिकडूनच आलं. घरी ब्रश कसा धरायचा हे सांगताना पशुवैद्य म्हणतात, केस हिरडीच्या कडेला ४५ अंशांत टेकवा आणि छोट्या हालचाली करा. हा कोन चार्ल्स बॅस यांचा. न्यू ऑर्लिन्सच्या तुलेन विद्यापीठातले हे डॉक्टर. मलेरियाच्या परजीवीची प्रयोगशाळेत वाढ करण्याबद्दल प्रसिद्ध. निवृत्तीनंतर दातांच्या मागे लागले आणि १९४०-५०च्या दशकांत ब्रश कसा असावा, कसा फिरवावा यावर लिहीत राहिले. माणसाच्या हिरडीसाठी ठरवलेला कोन आता कुत्र्याच्या हिरडीवर वापरतात. कुत्र्याच्या बाबतीत फक्त एक सवलत असते: गालाकडची बाहेरची बाजू घासली की बरंचसं काम होतं. वरच्या मोठ्या दाढेजवळ लाळग्रंथीची नळी उघडते आणि कीटण तिथेच जास्त धरतं, म्हणून ओठ उचलून आधी तिथे जायचं.

'रोज' हा शब्द कुठून आला? १९८६ साली नेदरलँड्समधल्या ट्रॉम्प आणि सहकाऱ्यांनी बीगलवर हेच मोजलं: आठवड्यातून किती वेळा पुरेसं? उत्तर दुपदरी निघालं. हिरडी आधीपासून निरोगी असेल तर आठवड्यातून तीनदा घासून ती तशी राहते. पण एकदा सुजलेली हिरडी बरी करायची तर रोज घासावं लागतं. पोस्टरवर यातला फक्त 'रोज' उरला. पोस्टरचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दवाखान्यात येणाऱ्या कुत्र्यांच्या हिरड्या बहुधा आधीच सुजलेल्या असतात आणि मालकाला 'रोज' सांगितलं तर तो तीनदा करतो, हेही डॉक्टरांना ठाऊक असतं. पण पेपरातली अट सल्ल्यात कुठे गळाली हे टिपून ठेवणं आपलं काम. २०१५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे कॉलिन हार्वी आणि सहकाऱ्यांनी पुन्हा बीगलवर मोजलं तेव्हा रोज किंवा एक दिवसाआड घासणं हे आठवड्यातून एकदा घासण्यापेक्षा स्पष्टपणे चांगलं ठरलं.

आणि 'घासा' यातला कर्ता? कर्मणीतून आज्ञार्थात आलेल्या क्रियापदाला आता एक माणूस लागतो. रात्री नऊला ऑफिसमधून आलेला, कुकर लावायचा बाकी असलेला. बी. आर. मिलर आणि हार्वी अशा जोडीने १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हाच माणूस तपासला गेला. कुत्र्याच्या हिरड्यांचे उपचार करून घेतलेल्या, म्हणजे आधीच पैसे आणि काळजी खर्च केलेल्या मालकांना सहा महिन्यांनी विचारलं, तर निम्म्याहून थोडेच जास्त लोक आठवड्यातून काही वेळा तरी ब्रश करत होते. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला उपाय आणि घरात टिकलेला उपाय हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत. दुसरा काढायला कुत्र्यापेक्षा माणसाचा अभ्यास करावा लागतो. तुमच्यापैकी जे समाजशास्त्रातून किंवा गृहविज्ञानातून येत आहेत त्यांच्यासाठी इथे जागाच जागा आहे.

एका आकड्याबद्दल सांगायलाच हवं. 'तीन वर्षांवरच्या ८० टक्के कुत्र्यांना हिरड्यांचा आजार असतो' हे वाक्य तुम्हाला असंख्य पत्रकांत सापडेल. आणि ब्रिटनमध्ये २२,३३३ कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आकडा वर्षाला सुमारे १२.५ टक्के निघाला. दोघांपैकी एक खोटं बोलतोय का? तसं नाही. भूल देऊन, सळईने प्रत्येक हिरडी मोजली की बारीकसारीक आजारही सापडतो. नोंदवहीत येतो तो डॉक्टरांनी पाहिलेला आणि लिहून ठेवलेला आजार. ताप घेऊन गेलेल्या कुत्र्याचा ओठ कुणी उचलून बघेलच असं नाही. आकड्याआधी तो कसा मोजला ते वाचा. त्याच अभ्यासात टॉय पूडल, किंग चार्ल्स स्पॅनियल यांसारख्या छोट्या जातींना धोका जास्त दिसला आणि त्यांच्या रांगेत ग्रेहाउंडही होता. बीगलच्या प्रशस्त जबड्यावर ठरलेलं वेळापत्रक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या, इवल्याशा तोंडात तितकेच दात कोंबलेल्या कुत्र्याला कितपत लागू पडतं, हा प्रश्न त्यामुळे अजून उघडाच आहे.

राहिली पेस्ट. माणसाची पेस्ट कुत्र्याला चालत नाही, कारण तो थुंकत नाही, गिळतो. फेस आणि फ्लोराईड पोटात जातं, आणि पेस्टमध्ये झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याला सरळ विषारी आहे. म्हणून कुत्र्यांसाठी गिळली तरी चालेल अशी वेगळी पेस्ट निघाली, कोंबडीच्या नाहीतर बीफच्या चवीची. थर काढायचं मुख्य काम ब्रशचे केसच करतात. पेस्टचं मोठं काम म्हणजे कुत्र्याने उद्याही तोंड उघडावं. बोटाला थोडी पेस्ट लावून चाटू द्यायची, चार दिवसांनी ओठ उचलायचा, मग दोनच दात, मग एक बाजू. स्वीडनमधल्या त्या पिंजऱ्यांत कुत्र्यांनी तोंड उघडावं म्हणून काय करत होते, ते पेपरात शोधायचं असेल तर पुन्हा त्या कर्मणी वाक्यापाशी जावं लागेल.